बाळाच्या कानाची तपासणी: त्या दिवशी तेल आणि तीट नको

पाळण्यामागे थाळी वाजवली, बाळ दचकलं, म्हणजे ऐकू येतं, असा निकाल इंदूरच्या मराठी घरांत आजही लागतो. दणक्याने पाळणा हादरतो, कधी आजीचा हातच दिसतो, आणि बाळ त्यानेही दचकतं. एकाच कानाने ऐकणारं बाळ तर या परीक्षेत हमखास पास!

यंत्रावरची पहिली तपासणी ओएई. कानात मऊ टोकाची बारीक नळी बसवून टिकटिक आवाज सोडतात. निरोगी आतला कान अगदी क्षीण आवाज परत पाठवतो, तो यंत्र टिपतं. बाळ झोपेत असेल तर काही मिनिटांचं काम. जन्मानंतर पहिल्या दिवशी कानात चिकट पांढरा थर असतो आणि निकाल उगाच 'रेफर' येतो, म्हणून शक्यतो घरी सोडायच्या आधी, पण दुसऱ्या दिवसानंतर करून घ्यावी. 'रेफर' म्हणजे बहिरेपण नव्हे, पुन्हा तपासा. मात्र 'मोठं झालं की बोलेल' म्हणत तो कागद फाइलमध्ये ठेवू नका.

दुसऱ्यांदाही तेच आलं, तर बेरा. यात कपाळावर आणि कानांमागे इलेक्ट्रोड चिकटवून नसेतून मेंदूकडे जाणारा संदेश मोजतात. नेमकी इथेच आपली मालिश आडवी येते: टाळूवरचं तेल कपाळावर ओघळतं, तीट असते तीही तिथेच, आणि इलेक्ट्रोड नीट धरत नाही. आदल्या रात्री डोकं धुवा. कानात तेल तर कधीच घालू नका. ही तपासणीही बाळ झोपेत असतानाच होते, म्हणून सकाळी बाळाला जागं ठेवा, दूध तिथे पोचल्यावर पाजा. रिक्षात डुलकी लागली की टेबलावर झोपायचं नाव नको.

एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) पाच दिवसांहून जास्त राहिलेल्या, किंवा काविळीसाठी रक्त बदलावं लागलेल्या बाळाची थेट बेराच करावी. त्यांच्यात कान ठीक, पण नस बिघडलेली असू शकते. ओएईला ते दिसत नाही.

वेळापत्रक असं: पहिली तपासणी 1 महिन्याच्या आत, निदान 3 महिन्यांपर्यंत, श्रवणयंत्र आणि थेरपी 6 महिन्यांपर्यंत. खर्चाची अडचण असेल तर आशाताईंना किंवा अंगणवाडीत विचारा. 2013 पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात बहिरेपण येतं.

पास झालेलं बाळही सहा महिन्यांचं झाल्यावर आवाजाकडे मान वळवत नसेल, तर परत न्या. आणि मेंदुज्वर झाला असेल तर बरं होताच न्या: त्यानंतर आतल्या कानात हाड भरू लागतं, मग कॉक्लिअर इम्प्लांट (ऑपरेशन करून आतल्या कानात बसवायचं ऐकण्याचं यंत्र) बसवणं अवघड होतं.