सर्व्हर रूमला किती टनाचा एसी लागतो? या चुका टाळा

"साहेब, रूम दहा बाय दहाची आहे, एक टनाचा पुरेल ना?" अकोला-नागपूर पट्ट्यात उन्हाळा लागला की हा फोन येतोच आणि मी दरवेळी तेच विचारतो, आत काय काय चालू आहे ते सांग आधी. स्क्वेअर फुटाचा हिशोब बेडरूमला ठीक आहे हो. सर्व्हर म्हणजे चोवीस तास पेटलेली शेगडी, जेवढे वॅट वीज खातो जवळपास तेवढीच गरमी खोलीत सोडतो.

एका पतसंस्थेत असंच झालं. एसीवाल्याने खोली डोळ्याने मोजली, "दीड टन म्हणजे भरपूर" म्हणाला आणि बसवून गेला. हिवाळाभर सगळं छान. मे महिन्यात सर्व्हर आपोआप बंद पडायला लागले म्हणून मला बोलावलं. दार उघडलं तर आत चक्क डेझर्ट कूलर चालू, पाणी भरून! रॅकच्या, म्हणजे सर्व्हर बसवायच्या कपाटाच्या, लोखंडावर दमट हात फिरवल्यासारखं ओलसर लागत होतं, आणि शिपाईदादा अभिमानाने सांगतायत, "रात्रीच आणला साहेब, आता गार आहे."

कूलर आधी बाहेर काढायला लावला. मग यूपीएसच्या इनपुटला क्लॅम्प मीटर (वायरीभोवती चिमट्यासारखा लावून करंट मोजतो तो) लावला, 20 अँपिअर. 230 व्होल्टने गुणलं, पॉवर फॅक्टर (त्यातली खरी खर्च होणारी वीज किती, तो भाग) धरला, साधारण 4.4 किलोवॅट. एसीचा एक टन म्हणजे साडेतीन किलोवॅट गरमी ओढायची ताकद, म्हणजे इथे लागतो सव्वा टन. मग दीड टनात काय वाईट, असं मॅनेजर म्हणालेच. वाईट हे की साधा स्प्लिट एसी माणसांसाठी बनवलेला असतो, त्याची पंचवीस ते तीस टक्के ताकद हवेतलं पाणी काढण्यात जाते, आणि सर्व्हर काही घाम गाळत नाही. वर टनाचा आकडा बाहेर 35 डिग्री धरून छापलेला, आणि यांचं आउटडोअर युनिट गच्चीवर पत्र्याच्या शेडखाली, स्वतःचीच गरम हवा परत ओढत बसलेलं. आमच्याकडे मे मध्ये 45 च्या पुढे जातं. शेवटी दोन-दोन टनाचे दोन बसवले, एक चालू एक राखीव, पण ऐन मे मध्ये दुपारी दोन्ही चालवावे लागतात. तिसरा घ्या म्हटलं तर बजेट नाही म्हणाले, चालायचंच.

माझी सवय म्हणाल तर सर्व्हरच्या मागच्या प्लेटवर छापलेले वॅट मी कधीच बेरजेला घेत नाही, क्लॅम्प लावून मोजतो, बॅटऱ्या फुल चार्ज असताना. सामान अजून आलंच नसेल तर प्लेटवर छापलेल्याच्या निम्मे-साठ टक्के धरतो आणि पुढे वाढणाऱ्या रॅकसाठी वर पाव भाग टाकतो. नुसते प्लेटवरचे आकडे जोडून दुप्पट एसी विकणारेही भेटतात, त्यांच्यापासून जपा.

दुसरी चूक ज्याने मला रात्री झोपेतून उठवलंय ती म्हणजे यूपीएसवर सर्व्हर आणि एसी थेट मेन लाइनवर, जनरेटरलाही जोडलेला नाही. लाइट गेली, यूपीएसला चार तासांचा बॅकअप, सगळे खूश. पण एसी बंद, सर्व्हर चालू, छोटी बंद खोली, आता हिशोब करा. बॅकअप जितका जास्त तितकी खोली जास्त भाजते! आणि लाइट आली तरी एसीत ऑटो रिस्टार्ट नसेल तर तो तसाच पडून राहतो, रिमोट असतो वॉचमनच्या खिशात आणि वॉचमन चहाला. घेतानाच दुकानात प्लग काढून परत लावून बघा, आपोआप सुरू होतोय का. लाज वाटते म्हणून लोक हे करत नाहीत.

16 वर सेट केल्याने लवकर गार होत नाही, कॉइलवर बर्फ मात्र चढतो. रॅकच्या तोंडाशी 18 ते 27 मध्ये असलं की पुरे. इनडोअर युनिट रॅकच्या डोक्यावर नको, ड्रेन तुंबला की पाणी थेट रॅकमधल्या नेटवर्क स्विचवर. रॅकमधल्या रिकाम्या जागा कोऱ्या पट्ट्या लावून झाका, नाहीतर मागची गरम हवा पुढे येते. बॅटऱ्या त्याच खोलीत असतील तर त्यांना 25 च्या आसपास ठेवा, गरमीत त्या आधी जातात.

आणि थर्मामीटर भिंतीवर दाराजवळ नको, रॅकच्या पुढच्या जाळीला वरच्या बाजूला बांधा, दोनशे-तीनशे रुपयांचा असला तरी चालेल. पतसंस्थेत तो दाराजवळच होता, 26 दाखवत होता. जाळीपाशी नेला तर 38.