कार्नेज कुठून वाचायला घ्यायचा

भाचा अकरावीत आहे, परवा त्याचा फोन आला की मामा कार्नेज (मार्व्हल कॉमिक्समधला स्पायडरमॅनचा लाल खुनी व्हिलन) वाचायचाय, कुठून सुरू करू, आणि मी पाऊण तास बोलतच राहिलो. त्याच्यासारखे विचारणारे बरेच असतात म्हणून तेच सगळं इथे नीट लिहून काढतोय.

बहुतेक जण पिक्चर बघून येतात, तो २०२१ चा वुडी हॅरेलसनवाला. आपल्याकडे महाराष्ट्रात थिएटरं तेव्हा २२ ऑक्टोबरला उघडली होती, इतके महिने बंद राहिल्यावर मोठ्या पडद्यावर पहिला तोच बघितला असं सांगणारे मला कितीतरी भेटलेत. तर पिक्चर बघून आल्यावर माणूस नेटवर शोधतो, सगळ्यात मोठं नाव दिसतं मॅक्झिमम कार्नेज, तेच उघडतो, चौदा भाग, ते पण स्पायडरमॅनच्या पाच वेगवेगळ्या मासिकांत विखुरलेले, आणि चौथ्या-पाचव्या भागाला कंटाळून सोडून देतो. मग म्हणतो कार्नेज म्हणजे नुसता लाल व्हेनम (स्पायडरमॅनचा तो काळा शत्रू). असं कुणी म्हटलं की मला खरंच वाईट वाटतं, कारण त्याने चुकीच्या दारातून आत पाऊल टाकलेलं असतं.

वाचायला बसायच्या आधी एकच गोष्ट डोक्यात पक्की करा. खुनी कोण आहे? तो लाल सिम्बायोट (माणसाच्या अंगावर चढून एकजीव होणारा परग्रहावरचा प्राणी) नाही, खुनी आहे तो ज्याच्या अंगावर चढतो तो क्लीटस कॅसडी. अंगावर काहीही चढायच्या आधीच तो अकरा खुनांसाठी अकरा जन्मठेपा भोगत होता. लहानपणी आजीला जिन्यावरून ढकललेला, अनाथाश्रम जाळलेला माणूस आहे तो. परग्रहावरच्या प्राण्याने त्याला बिघडवलं नाही, त्या प्राण्याने त्याला फक्त ताकद दिली. व्हेनमच्या आतला माणूस एडी ब्रॉक, त्याचं तसं नाही, एडीला स्पायडरमॅनचा राग आहे, त्या रागाला कारण आहे, आणि निरपराध लोकांना वाचवतोय असं तो स्वतःला सांगत असतो. कॅसडीला कारणच लागत नाही, जगात नियम नाही अर्थ नाही, मग मारलं तर काय बिघडलं, एवढंच त्याचं म्हणणं. हे धरून ठेवलंत की पुढची कुठलीही गोष्ट चांगली का फसलेली हे तुमचं तुम्हालाच कळायला लागेल.

आता सुरुवात. अमेझिंग स्पायडरमॅनचे अंक ३४४ आणि ३४५, साल १९९१. लेखक डेव्हिड मिशेलिनी. यात कार्नेज नाहीच, कॅसडी आहे, तो पण थोड्याच पानांवर, रायकर्स आयलंडच्या तुरुंगात एडीच्या कोठडीत. लोक हे दोन अंक गाळतात, तुम्ही गाळू नका. एक हडकुळा लाल केसांचा माणूस शेजारच्या कैद्याला बडबड करून वैताग आणतोय, बस. मग व्हेनमचा सिम्बायोट एडीला सोडवायला येतो आणि जाताना आपलं एक पिल्लू मागे टाकून जातो. नायकाची चूक नाही, व्हिलनचा प्लॅन नाही, निव्वळ योगायोग, आणि कॅसडीच्या तत्त्वज्ञानाला शोभेल असाच.

मग थेट ३६१, ३६२, ३६३. साल १९९२, चित्रं मार्क बॅगलीची. (आधी ३६० मध्ये एक झलक आहे, सापडली तर बघा नाहीतर राहू द्या.) हे तीन अंक म्हणजे गाभा आहे, दुसरं काही वाचणार नसाल तरी हे वाचाच. माझं ऐकाल तर दोनदा वाचा, पहिल्यांदा गोष्टीसाठी भराभर आणि दुसऱ्यांदा हळू, फक्त त्याचं बोलणं आणि त्याचं अंग बघत. व्हेनम स्वतःबद्दल 'आम्ही' म्हणतो, कारण तिथे दोन जीव एकत्र राहतायत. कार्नेज 'मी' म्हणतो. सिम्बायोट त्याच्या रक्तातच मिसळलाय, वेगळा उरलाच नाही. इंग्रजीत वाचताना हे नजरेतून निसटतं, पण मनात मराठी करून वाचलं तर लगेच कानाला लागतं, आम्ही मारू आणि मी मारणार यात केवढं अंतर आहे बघा.

आणि त्याचं अंग. व्हेनमची रेष ठाम असते, काळा धिप्पाड देह, छातीवर पांढरा कोळी. कार्नेजच्या छातीवर काही चिन्ह नाही, त्याची बाहेरची रेष कधीच स्थिर नसते, सतत काहीतरी ओघळतंय, वळवळतंय, हाताची कुऱ्हाड होते आणि पुढच्या पॅनलला (म्हणजे चित्राच्या चौकटीत) पुन्हा हात. अंगाचे तुकडे तो हत्यारासारखे फेकतो. त्यात स्पायडरमॅनला धोक्याची आगाऊ जाणीव होते ना, ती कार्नेजच्या बाबतीत होतच नाही.

अजून एक. त्या काळी या अंकांवर कॉमिक्स कोडचा शिक्का असायचा, म्हणजे काय दाखवायचं काय नाही याची बंधनं होती, म्हणून खून बराचसा पॅनलच्या बाहेर होतो आणि आपल्याला दिसते ती नंतरची खोली, भिंतीवर रक्ताने 'कार्नेज रूल्स' लिहिलेलं. मला तर वाटतं यामुळेच ते अंक जास्त अंगावर येतात. नंतर मार्व्हलने तो कोड सोडला आणि पुढच्या गोष्टींत रक्ताचे पाट वाहतात, पण ती भिंत बघून जे झालं ते परत झालं नाही.

या तीन अंकांत पीटरची, म्हणजे स्पायडरमॅनची, पण परीक्षा आहे, ती बघा. कार्नेज एकट्याच्याने आवरत नाही म्हटल्यावर त्याला ज्याला तो सगळ्यात जास्त घाबरतो त्या व्हेनमलाच बेटावरून परत आणावं लागतं. त्या बेटावर पीटरनेच त्याला आपण मेलो असं भासवून सोडलं होतं, म्हणून आधी ३४७ वाचलात तर उत्तम. मग ह्युमन टॉर्चला (आगीची ताकद असलेला हीरो) घेऊन त्याला आणायला जाणं, एडीशी सौदा, रॉक कॉन्सर्टमधली शेवटची लढाई (सिम्बायोटला मोठा आवाज आणि आग सहन होत नाही, कॉन्सर्टचे स्पीकर कशासाठी आलेत ते कळलंच असेल), आणि त्यानंतर पीटर दिलेला शब्द पाळतो की नाही. हे सगळं तीन अंकांत बसवलंय, कमाल आहे.

यानंतर मॅक्झिमम कार्नेज नको, थांबा. आधी दोन छोट्या गोष्टी. एक, माइंड बॉम्ब, १९९६ चा एकच अंक, लेखक वॉरन एलिस, चित्रं काइल हॉट्झ. रेव्हनक्रॉफ्ट नावाच्या मनोरुग्णालयात एक डॉक्टर कॅसडीच्या डोक्यात काय चाललंय ते समजून घ्यायला बसतो. मारामारी जवळपास नाही, आणि हे रात्री झोपायच्या आधी वाचू नका, मनापासून सांगतोय. दुसरी, १९९५ ची बॅटमॅन आणि स्पायडरमॅन एकत्र असलेली डिसऑर्डर्ड माइंड्स, लेखक जे. एम. डीमॅटिस आणि चित्रकार पुन्हा बॅगली. यात कार्नेज आणि जोकर हातमिळवणी करतात आणि ती टिकत नाही. का टिकत नाही तेच वाचण्यासारखं आहे, जोकरला तयारी हवी, नाटक हवं, प्रेक्षक हवा, आणि कार्नेजला फक्त मारायचंय, आत्ता, इथेच. दोन वेडे खुनी म्हणजे एकच माल असं वाटणाऱ्यांना ही गोष्ट द्यावी.

आता मॅक्झिमम कार्नेज, १९९३. सुरुवात स्पायडरमॅन अनलिमिटेडच्या पहिल्या अंकात आणि शेवट त्याच्याच दुसऱ्या अंकात, मधले बारा भाग बाकी चार मासिकांत फिरतात. सुटे अंक शोधत बसू नका, सगळं एकत्र छापलेलं पुस्तक मिळतं तेच घ्या, नाहीतर क्रम चुकणार म्हणजे चुकणारच. दोन गोष्टी आधी माहीत असू द्या, एक म्हणजे पीटरचा मित्र हॅरी ऑस्बॉर्न नुकताच गेलाय, त्यामुळे पीटर आधीच खचलेला आहे, आणि दुसरं म्हणजे यात पीटरचे आईवडील जिवंत दिसतील, गोंधळून जाऊ नका, त्या काळात ते वेगळं कथानक चालू होतं आणि त्याचा उलगडा पुढे होतो. यात कार्नेज श्रीक, डॉपलगँगर, डेमोगॉब्लिन, कॅरियन असं एक कुटुंबच जमवतो, आणि समोर व्हेनम, ब्लॅक कॅट, क्लोक आणि डॅगर, फायरस्टार, आयर्न फिस्ट, मॉर्बियस, शेवटी कॅप्टन अमेरिका पण. माझी तक्रार अशी की मेलेल्या लोकांना इथे नावंच नाहीत, न्यूयॉर्क जळतंय आणि आपण कोण कोणाला बुक्की मारतोय ते बघतोय. पण श्रीक आणि कॅसडीचे प्रसंग सोडू नका, आणि मारायचं की नाही यावर स्पायडरमॅन आणि व्हेनमची जी जुंपते ती तर नाहीच नाही.

मधली वर्षं भराभर. २००५ मध्ये न्यू अव्हेंजर्सच्या सुरुवातीला सेंट्री नावाचा हीरो त्याला अंतराळात नेऊन सरळ दोन तुकडे करतो. दोन पानांचं काम, वाचलं नाही तरी चालेल, फक्त झालं एवढं लक्षात ठेवा.

कारण २०१० ची कार्नेज मालिका तिथूनच उचलते. पाच अंक, लेखक झेब वेल्स, चित्रकार क्लेटन क्रेन. आणि तिच्या मागोमाग कार्नेज यूएसए, तीच जोडी, पुन्हा पाच अंक, २०११ अखेर ते २०१२. नव्या काळातलं एकच वाचायचं असेल तर मी डोळे झाकून यूएसए सांगेन. कोलोरॅडोमधलं डोव्हर्टन नावाचं छोटं गाव, आणि कार्नेज ते गावच्या गाव ताब्यात घेतो, माणसांच्या अंगात शिरून. अव्हेंजर्स येतात आणि तेही अडकतात. इथे पहिल्यांदा बळी पडणारे लोक माणसं वाटतात, त्यांची घरं आहेत मुलं आहेत, आणि कॅसडी त्यांच्यात राजासारखा बसलाय, म्हणून भीती परत येते. क्रेनची चित्रं खूप गडद रंगवलेली असतात, फोनवर दुपारच्या उजेडात काहीच दिसणार नाही, टॅबवर किंवा छापील पुस्तकात बघा, फोनच असेल तर ब्राइटनेस पूर्ण वाढवून एकेक पॅनल मोठं करून बघा. आणि घरात लहान मुलं असतील तर हे त्यांच्या हाती देऊ नका, १९९२ चे अंक वेगळे आणि हे वेगळे.

एक फार कामाची गोष्ट, मार्व्हल अनलिमिटेड ॲपवर शोधताना नुसतं कार्नेज टाकलंत तर त्याच नावाच्या कितीतरी मालिका येतात, २०१०, २०१५, २०२२, २०२३, प्रत्येकीचा लेखक वेगळा. नावापुढचं साल बघूनच उघडा. भाच्याने हेच केलं नव्हतं, चुकून २०१५ ची उघडली आणि म्हणाला काहीच कळत नाही.

ती २०१५ ची पण वाईट नाही हां, सोळा अंक आहेत, लेखक गेरी कॉनवे, म्हणजे ज्यांनी १९७३ मध्ये ग्वेन स्टेसीच्या मृत्यूचा अंक लिहिला तेच. चित्रं माइक पर्किन्सची. सुरुवातीचे खाणीतले अंक जबरदस्त आहेत, अंधार, अडकलेली माणसं आणि आत तो. पुढे डार्कहोल्ड नावाचं काळ्या जादूचं पुस्तक येतं आणि मला तिथून रस कमी झाला.

२०१९ चा ॲब्सोल्यूट कार्नेज, लेखक डॉनी केट्स, चित्रकार रायन स्टेगमन. मूळ पाच अंक आणि भरपूर टाय-इन (मूळ गोष्टीला जोडलेले बाजूचे अंक), टाय-इन सगळे सोडा. पण आधी त्याच जोडीच्या २०१८ च्या व्हेनमचे पहिले सहा अंक आणि कार्नेज बॉर्न हा सुटा अंक वाचा, नाहीतर नल (सिम्बायोटांचा देव) कोण हेच कळणार नाही. कल्पना भारी आहे, सिम्बायोट ज्याच्या अंगात राहून गेला त्याच्या शरीरात काहीतरी मागे उरतं, आणि कॅसडी ते काढून घ्यायला एकेकाच्या मागे लागतो. वेग आहे, चित्रं सुंदर आहेत, मी एका बैठकीत संपवला. तरी एक सल राहिलीच, ज्या माणसाचा कशावरच विश्वास नव्हता त्याला इथे देवाचा भक्त करून टाकलाय, आणि भक्ताला कारण असतं. कारणाशिवाय मारणारा कॅसडी मला यापेक्षा कितीतरी भयानक वाटतो.

आणि सगळ्यात शेवटी ठेवा २०२२ ची मालिका, मुंबईहून आलेला राम व्ही लिहितो, चित्रं फ्रान्सेस्को मान्ना यांची. आपल्याकडचा माणूस लिहितोय म्हणून आवर्जून सांगतोय असं नाही, पण आनंद होतोच. इथे सिम्बायोट कॅसडीशिवाय एकटा आहे, आणि आर्टिस्ट म्हणवणारा एक दुसराच सीरियल किलर आणि त्याच्या मागावर असलेला एक डिटेक्टिव्ह या गोष्टीत येतात. सुरुवातीला मी म्हटलं ना की खुनी कॅसडी आहे, लाल सिम्बायोट नाही, तेच ही मालिका उलटं करून तपासते, म्हणून ती आधी वाचून उपयोग नाही. कॅसडीचा 'मी' तुमच्या कानात पक्का बसलेला असेल तरच इथे तो नसल्याचं जाणवेल.

भाच्याचे कालपर्यंत ३६१ ते ३६३ वाचून झाले होते, आता माइंड बॉम्बकडे वळलाय. त्याचा प्रश्न आलाय की मामा, त्या रात्री कोठडीत कॅसडीच्या जागी एखादा साधा चोर असता तर काय झालं असतं. मी त्याला आधी राम व्हीपर्यंत पोच मग बोलू म्हटलंय.