कळांमध्ये बीपी मोजताना या चुका टाळा

धारणी असो की एटापल्ली, लेबर रूमच्या टेबलावर बीपीची दोन यंत्रं असतात: एक बटणाचं डिजिटल, एक काट्याचं. आकडे जुळले नाहीत की यंत्राला नावं ठेवली जातात. बहुतेक वेळा चुकलेली असते मोजण्याची वेळ, नाहीतर हाताची जागा.

बाई "कळ येऊन राहिली ना जी" म्हणत कॉटची दांडी आवळते आणि आपण तेव्हाच बटण दाबतो. कळेत वरचं बीपी 15-20 ने सहज चढतं. त्यात हात हलला की डिजिटल यंत्र एरर दाखवतं किंवा भलताच आकडा देतं. पोटावर हात ठेवा, गर्भाशय सैल पडलं की मोजा.

दुसरी चूक जास्त घातक, कारण ती खोटा दिलासा देते. डाव्या कुशीवर झोपवणं बरोबरच. पण पट्टा वरच्या, म्हणजे उजव्या दंडाला बांधला, तर तो दंड हृदयाच्या वर जातो. दर 10 सेंटीमीटर उंचीला बीपी 7-8 ने कमी दिसतं. मग 146/96 ची बाई 138/88 म्हणून कागदावर "नॉर्मल" होते! टेकवून बसवा, किंवा डावा हात पुढे घेऊन दंड हृदयाच्या पातळीत ठेवा. पट्टा ब्लाउजच्या बाहीवर नको, आणि जाड दंडाला मोठाच हवा. छोटा पट्टा बीपी वाढवून दाखवतो.

प्री-एक्लॅम्पसियात (गरोदरपणात बीपी धोकादायक वाढण्याच्या आजारात) अनेक डिजिटल यंत्रं कमी आकडा देतात. डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे अंधारी येतेय आणि स्क्रीनवर 130/84? स्टेथोस्कोप घ्या आणि काट्याच्या यंत्राने मोजा. आधी काटा शून्यावर आहे ना ते बघा. हवा सेकंदाला 2 मिलिमीटरने सोडा; आवाज पूर्ण बंद होतो तो खालचा आकडा. घाईत सोडून सरसकट 120/80 लिहिण्याची सवय तर मोडायलाच हवी.

पार्टोग्राफवर (प्रसूती कशी पुढे सरकतेय त्याच्या तक्त्यावर) बीपी दर 4 तासांनी लिहायचं असलं, तरी 160/110 किंवा जास्त आलं तर 15 मिनिटांत पुन्हा मोजा आणि डॉक्टरांना लगेच कळवा. 108 ने पुढे पाठवताना चिठ्ठीवर आकड्याशेजारी कोणतं यंत्र, कोणता हात, बसून की कुशीवर, तेही लिहा. नाहीतर तिथली सिस्टर दुसऱ्या पद्धतीने मोजेल आणि बीपी खरंच उतरलं की नाही, कुणालाच सांगता येणार नाही.