व्हिएतनामचं बजेट आखताय? या चुका टाळा

व्हिएतनाम स्वस्त आहे, यात वाद नाही. फुटपाथवरच्या बुटक्या प्लास्टिकच्या स्टुलावर बसून बान्ह मी, म्हणजे तिथलं भरलेल्या पावाचं सँडविच, खाल्लं तर शंभर-सव्वाशे रुपयांत पोट भरतं. तरीही परत आलेली निम्मी मंडळी "ठरवलं होतं त्याच्या दीडपट गेले" म्हणत येतात. हे पैसे तिथल्या महागाईत जात नाहीत, इथे घरी बसून घाईघाईत केलेल्या आखणीत जातात. दिवाळी आणि मे महिन्याच्या आधी कोणी ना कोणी आपला बजेटचा कागद घेऊन माझ्याकडे येतंच, आणि मी त्याच त्या चुकांवर रेघा मारत बसतो.

रील बघून आकडा ठरवणं

"इतक्या हजारांत व्हिएतनाम" छाप रील बनवणारा मुलगा एकटा असतो. तो आठ जणांच्या खोलीत वरच्या बंकवर झोपतो आणि रात्रीच्या स्लीपर बसने फिरून हॉटेलचं भाडं वाचवतो. तुम्ही निघालात बायको, दोन मुलं आणि गुडघे दुखणाऱ्या सासूबाईंना घेऊन. त्याचा आकडा गुणिले पाच केला की तुमचं बजेट होत नाही.

मी कागदाचे दोन भाग करतो. एका बाजूला एकदाच होणारे खर्च: विमान, व्हिसा, विमा, देशांतर्गत विमानं, सामानाचे जादा पैसे, हा लाँग खाडीतली क्रूझ, दा नांगजवळच्या बा ना हिल्सचं तिकीट. दुसऱ्या बाजूला रोजचे. बहुतेक लोक रोजच्या खर्चावर तासभर डोकं घालतात आणि पहिली बाजू "बघू नंतर" म्हणून सोडतात. फुगते ती पहिली बाजूच. सोनेरी पुलावरचा तो फोटो सगळ्यांना हवा असतो, पण त्यासाठी बा ना हिल्सचं रोपवेसकटचं तिकीट काढावं लागतं आणि ते माणशी तीन हजार रुपयांच्या वरच जातं, हे कोणाच्या कागदावर नसतं.

एका आठवड्यात अख्खा देश

ही माझी खास चीड आणणारी चूक. हनोई ते सायगाव (म्हणजेच हो ची मिन्ह सिटी) रेल्वेने १,७२६ किलोमीटर आहे, गाडीला तीस तासांहून जास्त लागतात. आणि कागदावर काय असतं? सात रात्री: हनोई, सापा, हा लाँग, दा नांग, होई आन, हो ची मिन्ह सिटी, शिवाय "जमलं तर फू क्वोक". जमलं तर म्हणे!

अशा प्रत्येक उडीला तिकिटाचे पैसे वेगळे, दोन्ही टोकांच्या टॅक्सीचे वेगळे, बॅगांचे वेगळे. स्वस्त विमानाचं तिकीट स्वस्त दिसतं कारण त्यात बहुधा सात किलोची हातातली बॅगच धरलेली असते. लाडू-चिवड्याच्या डब्यांसकट निघालेल्या मराठी कुटुंबाचं सात किलोत काय होणार? मग काउंटरवर ऐनवेळी पैसे भरायचे, आणि ते आधी ऑनलाइन भरले असते त्याहून बरेच जास्त. वर अर्धा दिवस वाया.

त्यात दिवाळीची सुट्टी. ऑक्टोबर-नोव्हेंबर हा मध्य व्हिएतनामचा, म्हणजे ह्युए, दा नांग, होई आनचा ऐन पावसाळा. आपल्याकडचा पाऊस संपला म्हणून त्यांचाही संपला, असं लोक धरून चालतात. ओळखीतल्या एका कुटुंबाला मी दोनदा सांगितलं होतं की होई आन काढा, उत्तरेत दोन दिवस वाढवा. "अहो, पण नॉन-रिफंडेबल घेतलं तर खोली किती स्वस्त मिळतेय!" घेतली. तीन रात्री. थू बोन नदीचं पाणी जुन्या गावाच्या गल्ल्यांत शिरलं, पहिल्याच दिवशी त्यांना दा नांगला हलावं लागलं. तिथे ऐनवेळची खोली आणि मागेल तो दर. मूळ खोलीचे पैसे गेलेच. स्वस्तातली खोली अशी दुप्पट महाग पडते. २०२५च्या ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात तर ह्युए आणि होई आन दोन्हीकडे रस्त्यांवर होड्या चालत होत्या.

दिवाळीत जायचंच असेल तर उत्तर धरा, म्हणजे हनोई, निन्ह बिन्ह, हा लाँग. त्या वेळी तिथली हवा छान असते. आठवड्यात एक भाग, दहा-बारा दिवस असतील तर दोन. ह्याहून जास्त मागणाऱ्यांचे कागद मी हल्ली न वाचताच परत करतो.

जानेवारीच्या उत्तरार्धापासून फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत कधीतरी तेत, म्हणजे त्यांचं नवं वर्ष येतं. त्या आठवड्यात तिकिटं महाग आणि दुकानं बंद. तारीख आधी बघा. आणि "उष्ण कटिबंध आहे" म्हणून स्वेटर न नेणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की जानेवारीत उत्तरेतल्या डोंगरातल्या सापाला कडाक्याची थंडी असते. जॅकेट तिथे विकत घ्यावं लागतं.

व्हिसाची घाई

ई-व्हिसाची सरकारी फी एकदा प्रवेशासाठी २५ डॉलर, अनेकदा प्रवेशासाठी ५०. ऑगस्ट २०२३पासून तो ९० दिवसांपर्यंत मिळतो. पण शोधलं की वर येतात त्या सरकारीसारख्या दिसणाऱ्या एजंटांच्या साइट, तिथे ह्याच व्हिसाचे दुप्पट-तिप्पट घेतात. खऱ्या संकेतस्थळाचा पत्ता "डॉट गव्ह डॉट व्हीएन"ने संपतो, तेवढं तपासा.

दुसरी गोष्ट खास आपल्या लोकांची. पासपोर्टवर नावाच्या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं, आडनाव वेगळ्या रकान्यात. अर्जात मधलं नाव गाळायचं नाही. पासपोर्टवर आहे तसंच, सगळं. नाव चुकलं की नवा अर्ज आणि नवी फी, कारण भरलेली फी परत मिळत नाही. मी अर्ज रात्री भरू देत नाही. सकाळी, पासपोर्ट समोर ठेवून, दुसऱ्याला मोठ्याने वाचायला लावून भरायचा.

फू क्वोकला व्हिसा लागत नाही ही सूट त्या बेटापुरती आहे. पुढे सायगाव फिरायचं असेल तर व्हिसा हवाच.

शून्यांचा गोंधळ

डोंग हे तिथलं चलन; हजार डोंग म्हणजे साधारण साडेतीन रुपये. तीन शून्यं खोडा, उरलेल्याला साडेतीनने गुणा, झालं. मेनूवर तर बऱ्याचदा ती तीन शून्यं लिहिलेलीच नसतात. "५० के" किंवा नुसतं "५०" म्हणजे पन्नास हजार डोंग, पावणेदोनशे रुपये. हे लोकांना चटकन जमतं. गोंधळ नोटांचा होतो. सगळ्या नोटांवर त्यांचे नेते हो ची मिन्हच, आणि वीस हजाराची नोट निळी तशी पाच लाखाचीही निळीच. एक सत्तर रुपयांची, दुसरी साडेसतराशेची.

हनोईला गेलेल्या एका ग्रुपने खजिनदार म्हणून मुद्दाम निवृत्त बँक कॅशियर काकांना नेमलं. सगळ्यांची वर्गणी त्यांच्या कमरेच्या पाऊचमध्ये. होआन कीम तळ्याकाठी संध्याकाळी दोन शहाळी घेतली, चाळीस हजार डोंग. काकांनी ऐटीत दोन निळ्या नोटा काढून दिल्या. रात्री हॉटेलवर हिशेब लागेना.

"अहो, परत एकदा मोजा ना," काकू म्हणाल्या.

"तीस वर्षं नोटाच मोजल्यात मी."

मोजल्या त्यांनी बरोबर. दिल्या होत्या चुकीच्या. दोन शहाळ्यांचे साडेतीन हजार रुपये. पैशांचं एक वेळ ठीक, पण पुढचे चार दिवस काका कोणाला नोट दिसूच देईनात. कॉफीवाल्यासमोर प्रत्येक नोट उजेडात धरून बघायचे आणि मागे रांग थांबलेली.

माझी सवय सांगतो. पाच लाख आणि दोन लाखांच्या नोटा वेगळ्या पाकिटात, आतल्या खिशात. वरच्या खिशात एक लाखाच्या आतल्याच. अंधारात, घाईत किंवा चालत्या माणसाला पैसे द्यायचे नाहीत. रंग बघायचा नाही, आकडा वाचायचा.

बाकीच्या, थोडक्यात

डॉलर न्यायचे तर शंभराच्या कोऱ्या नोटा न्या. शाईचा ठिपका असलेली नोट परत येते. रुपये नेऊ नका, दर पडेल मिळतो.

कार्डाच्या मशीनने "रुपयांत की डोंगमध्ये" विचारलं तर डोंग. रुपये निवडले की दर त्यांच्या मर्जीचा. शिवाय आपल्या बऱ्याच कार्डांवर परदेशी व्यवहाराचे साडेतीन टक्के आणि त्यावर जीएसटी लागतो, तो कागदावर धरा.

टॅक्सीवाल्याशी घासाघीस करण्यात शौर्य नाही. ग्रॅब ॲपवर भाडं आधी दिसतं.

रोज दोन वेळा भारतीय हॉटेलात जेवलात तर स्वस्त देशाचा फायदा तिथेच संपला. शाकाहारी असाल तर "चाय" (Chay, म्हणजे शाकाहारी; चहा नव्हे) पाटीची बौद्ध शाकाहारी खानावळ शोधा; चांगली असते, स्वस्त असते, आणि माशाच्या सॉसची धास्ती नसते.

टूर कंपनीचं पॅकेज घेतलं तर टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने आधीच वसूल केलेला आयकर, कापला जातो. विवरणपत्र भरताना तो वळता होतो, पण जाताना खिशातून जातोच.

भाड्याची मोटारसायकल घेणाऱ्या उत्साही पोरांसाठी: भारतातून मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना १९४९च्या जिनिव्हा कराराखालचा असतो, व्हिएतनाम १९६८चा व्हिएन्ना करार मानतो. म्हणजे तुमचा परवाना तिथे चालत नाही. दुकानदार विचारत नाही, गाडी देतो. पडलात तर विमा कंपनी मात्र पहिलं तेच विचारते. उत्तरेतल्या हा जियांगच्या घाटांत मागे बसायला चालकासकट गाडी मिळते, ती घ्या.

उरलेले डोंग मुंबईत कुठेही सहज बदलून मिळत नाहीत. आदल्या संध्याकाळी मोजा, विमानतळाच्या टॅक्सीपुरते आणि एका कॉफीपुरते ठेवा, बाकीचे शहरातच बदला.