पेज, तिसऱ्या आणि खोबरेल: पचनातले बदल घरीच कसे बघायचे

भाचा सातवीत आहे, वेंगुर्ल्याला असतो. सुट्टीत आला तेव्हा वहीत लिहून आणलेलं, भौतिक बदल उलटा फिरवता येतो आणि रासायनिक फिरवता येत नाही, आणि मला विचारतो, मावशी, चावलेला भात काय परत पहिल्यासारखा होत नाही, मग चावणं रासायनिक का? पोराचं काही चुकलं नाही, नियमच लंगडा आहे. विचारायचं एवढंच, की नवीन पदार्थ तयार झाला का. भात कितीही बारीक केला तरी तो भातच, पण त्यातल्या स्टार्चची साखर झाली की मामला वेगळा.

मग आम्ही दोन दिवस स्वयंपाकघरात पसारा घातला, तुम्हीही घाला. सामान: उकड्या तांदळाची पेज (मीठ न घातलेली), मेडिकलमध्ये मिळतं ते जखमेला लावायचं तपकिरी पोविडोन आयोडीन, तिसऱ्यांच्या शिंपल्या, व्हिनेगर, खोबरेल, भांडी घासायचं लिक्विड, कच्ची पपई, थोडं मटण. आयोडीन चुकूनही पोटात जाता कामा नये, म्हणून त्याचे ग्लास आणि बशी बाजूला ठेवा आणि मोठं माणूस सोबत असू द्या.

आधी शिंपल्या. तिसऱ्यांचं सुकं झालं की शिंपल्या टाकू नका, धुऊन वाळवा. एक तशीच अख्खी ठेवा, दुसरी फडक्यात गुंडाळून खलबत्त्यात कुटा. कुटली तो भौतिक बदल, कारण पूडसुद्धा शिंपलीच आहे. आता दोन वाट्यांत सारखंच व्हिनेगर घेऊन एकीत अख्खी, दुसरीत पूड टाका. दोन्हीकडे बुडबुडे येतात, तो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे नवीन पदार्थ, म्हणजे रासायनिक. पण पुडीची वाटी कशी फसफसते बघा आणि अख्खी शिंपली कशी निवांत बसते ते पण बघा. दात हेच करतात, स्वतः काही पचवत नाहीत, पण तुकडे लहान केले की पुढच्या रसांना चारी बाजूंनी शिरायला जागा मिळते. "नीट चावून खा" याच्यामागे एवढंच आहे.

मग पेज, हा प्रयोग घाई न करता करा. पेजेतलं वरचं निवळ पाणी दोन चमचे घ्या, त्यात अर्धा ग्लास कोमट पाणी घाला, बोटाला सोसेल एवढंच, कडकडीत नको, कारण लाळेतलं अमायलेज नावाचं एन्झाइम (अन्नाचे रेणू तोडणारं प्रोटीन) जास्त गरम झालं की कामातून जातं. हे दोन ग्लासांत वाटा. एकात चमचाभर लाळ (पोरांना हा भाग फार आवडतो), दुसऱ्यात चमचाभर साधं पाणी. दोन्ही ग्लास कोमट पाण्याच्या टोपात ठेवा. आता दर पाच मिनिटांनी दोन्हीकडचे थेंब पांढऱ्या बशीवर घेऊन त्यावर आयोडीनचा एकेक थेंब. स्टार्च असेल तर निळंकाळं होतं. साध्या पाण्याच्या ग्लासातलं शेवटपर्यंत निळंकाळंच, लाळेच्या ग्लासातलं हळूहळू फिकं होत तपकिरीवर येतं, पंधरा-वीस मिनिटं धीर धरा. स्टार्चची माल्टोज नावाची साखर झाली. साधा भात तोंडात बराच वेळ चावत राहिलात तर गोडसर लागतो तो यामुळेच.

एक फसगत सांगते. भाच्याने मी बघत नसताना एका बशीत लिंबू पिळलं, निळा रंग गायब, आणि ओरडला, "मावशे, पचला गो!" पचलं काहीच नव्हतं, लिंबातल्या क जीवनसत्त्वाने आयोडीनचाच रंग घालवला होता. म्हणून साध्या पाण्याचा ग्लास हवाच आणि लिंबू लांब हवं.

खोबरेल. बाटलीत पाणी आणि दोन चमचे खोबरेल (थिजलं असेल तर उन्हात ठेवा), हलवा, दोन मिनिटांत तेल परत वर. आता लिक्विडचे चार थेंब टाकून हलवा, पाणी दुधाळ होतं आणि तसंच राहतं. लहान आतड्यात पित्त हेच काम करतं. आपण छातीत जळजळलं की पित्त झालं म्हणतो ना, ते बहुतेक वेळा जठरातलं ॲसिड वर आलेलं असतं. खरं पित्त यकृतात बनतं, पित्ताशयात साठतं, हिरवट-पिवळं असतं आणि आम्लारी, म्हणजे ॲसिडच्या उलट असतं. आणि परीक्षेत हमखास चुकतं ते हे, की पित्त फक्त तेलाचे बारीक थेंब करतं, तेल तेलच राहतं, म्हणजे बदल भौतिक. तेलाचे रेणू तोडायचं काम स्वादुपिंडातल्या लायपेज या एन्झाइमचं, ते रासायनिक. शिंपलीची पूड आठवा, इथे पण तोच हिशोब.

शेवटी मटण, म्हणजे जठर. जठर घुसळतं ते भौतिक, पण तिथे ॲसिड आणि पेप्सिन नावाचं एन्झाइम मिळून प्रोटीन तोडतात ते रासायनिक. पूर्वी यावर वाद होता की पोट नुसतं दळतं की आणखी काही करतं. 1822 साली अमेरिकेत मॅकिनॅक बेटावर अलेक्सी सेंट मार्टिन नावाच्या माणसाला पोटात गोळी लागली, तो वाचला पण जठराला भोक कायमचं राहिलं. विल्यम बोमाँट या डॉक्टरने त्या भोकातून रेशमी दोऱ्याला बांधून मांसाचे तुकडे आत सोडले, आणि पुढे तर जठराचा रसच बाटलीत काढून त्यात मांस ठेवलं, ते शरीराच्या बाहेरसुद्धा विरघळत गेलं. घुसळायला कोणी नव्हतं, म्हणजे रसायनच काम करत होतं. हे सगळं त्याने 1833 मध्ये छापलं.

आपल्या स्वयंपाकघरात पेप्सिन नाही, पण कच्ची पपई आहे आणि तिच्यातलं पपेन पण प्रोटीनच तोडतं. मटणाचे दोन सारखे तुकडे घ्या, एकाला किसलेली कच्ची पपई चोळा, एक तसाच, दोन्ही झाकून फ्रिजमध्ये चार-पाच तास. मग वेगवेगळ्या भांड्यांत सारखाच वेळ शिजवून चमच्याने दाबून बघा. आमचा पपईवाला तुकडा नको तेवढा वेळ राहिला आणि त्याचा पार लगदा झाला, मांजराने आवडीने खाल्ला.