संध्याकाळच्या सीएसएमटीचे रॉ फोटो काढायला निघताना

आदल्या रात्री दोन्ही बॅटऱ्या चार्जिंगला लावा. जुने फोटो लॅपटॉपवर उतरलेत याची खात्री करा आणि मगच कार्ड फॉरमॅट करा, तेही कॅमेऱ्यातच. मेनूत रॉ निवडा, म्हणजे सेन्सरने टिपलेली, कॅमेऱ्याने जेपेग न बनवलेली कच्ची फाइल. १२ की १४ बिट असा पर्याय असेल तर १४. जेपेगच्या ८ बिटांत प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या मावतात, १४ बिटांत १६,३८४. फाइल अर्थातच जड होते, तेव्हा कार्ड त्या हिशेबाने मोठं घ्या.

यानंतरची तयारी बहुतेक जण करतच नाहीत. मागच्या स्क्रीनवरचा फोटो आणि त्याचा हिस्टोग्राम (डावीकडे काळोख, उजवीकडे उजेड दाखवणारा आलेख) रॉचा नसतो, कॅमेऱ्याने आपल्या आवडीने बनवलेल्या जेपेगचा असतो. पिक्चर स्टाइल भडक असेल तर हायलाइट, म्हणजे सर्वांत उजळ भाग, जळून तपशील गेल्याची बोंब तो लवकरच ठोकतो, आणि आपण घाबरून फोटो उगाच अंधारा काढतो. म्हणून स्टाइल न्यूट्रल किंवा फ्लॅट, कॉन्ट्रास्ट कमी, सावल्या आपोआप उजळणाऱ्या सोयी बंद. जळालेला भाग लुकलुकून दाखवणारी सूचना चालू ठेवा. हिस्टोग्रामही एकत्रित नको, लाल-हिरवा-निळा असा वेगवेगळा हवा. सीएसएमटीवर रंगीत रोषणाई असते तेव्हा निळा किंवा लाल चॅनल एकटाच भरून जातो आणि एकत्रित आलेख मात्र निवांत दिसतो. मग घरी आल्यावर दगडातल्या कोरीवकामाच्या जागी नुसता निळा डाग सापडतो. तो कुठल्याही सॉफ्टवेअरने भरून येत नाही.

बॅगेत ट्रायपॉड, लेन्सचं कापड, सिलिका जेलच्या पुड्या. एसीतून थेट दमट हवेत लेन्स काढली की तिच्यावर वाफ धरते, म्हणून बाहेर पडल्यावर थोडा वेळ बॅग बंदच राहू द्या. उभं राहायचं ते रस्त्यापलीकडे, महापालिकेच्या इमारतीच्या बाजूला. मात्र ऑफिस सुटण्याची वेळ असते, लोकल गाठायला धावणाऱ्यांच्या पायात ट्रायपॉड येऊ देऊ नका. स्टेशनच्या आत कॅमेरा लावायचा बेत असेल तर रेल्वेची परवानगी आधी काढा.

सूर्यास्ताच्या आधीच पोहोचा. आकाशातली निळाई आणि इमारतीवरचे दिवे तोडीस तोड असतात तो वेळ मुंबईत जेमतेम वीस-पंचवीस मिनिटांचा. युरोपातल्या फोटोग्राफरांचे व्हिडिओ पाहून आरामात चहा पीत बसाल तर आकाश काळं झालेलं असेल. मोड मॅन्युअल, आयएसओ (संवेदनशीलता) १००, अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ/८, ट्रायपॉडवर स्टॅबिलायझेशन बंद. बदलायचा तो फक्त शटर. मीटरवर विसंबू नका. तो सगळ्या दृश्याचा सरासरी करडा करायला जातो, आणि काळं आकाश जास्त आलं की इमारत जाळतो. शटर हळूहळू लांबवत आलेख उजवीकडे सरकवा आणि दगडावर लुकलुक दिसू लागली की एक पायरी मागे या. खुद्द दिव्याचा गोळा जळाला तर जळू द्या, त्यात पाहण्यासारखं काही नसतं. जपायचा तो दिव्याशेजारचा दगड. असा भरपूर प्रकाश घेतलेल्या फाइलमध्ये सावल्या उचलल्या, म्हणजे उजळल्या, तरी नॉइज (दाणेदार ठिपके) कमी येतो. आयएसओ वाढवून आलेख उजवीकडे नेण्यात हा फायदा नाही, कारण सेन्सरवर प्रकाश तेवढाच पडतो. खात्री वाटत नसेल तर एकेका स्टॉपच्या (प्रकाश दुप्पट किंवा निम्मा) अंतराने तीन फोटो घ्या. बेस्टच्या बसच्या दिव्यांच्या रेघा हव्या असतील तर शटर काही सेकंदांचा लागेल. हातात धरून काढणार असाल तर १/५० किंवा १/१०० ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला शंभरदा लुकलुकतात आणि याहून वेगवान शटरवर फोटोत पट्टे उमटू शकतात.

घरी रॉ फाइल उघडायला डार्कटेबल किंवा रॉथेरपी ही सॉफ्टवेअर, दोन्ही फुकट आहेत. उजवीकडे ढकललेली फाइल उघडल्यावर फिकटच दिसते. आधी व्हाइट बॅलन्स (प्रकाशाच्या पिवळ्या-निळ्या झाकेचा तोल, केल्विनमध्ये मोजतात), मग एक्स्पोजर खाली, मग हायलाइट, मग काळ्याची पातळी. रंगीत रोषणाईत ‘ऑटो’ व्हाइट बॅलन्स तो रंगच पुसायला बघतो, म्हणून मी ५००० केल्विनच्या आसपास सुरुवात करतो. सावल्या मात्र बेताने उचला. रात्रीचा सगळा काळोख उजळून टाकलेले फोटो मला तरी बघवत नाहीत. नॉइज आणि शार्पनिंगचं शेवटी बघा. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची प्रत एसआरजीबी (बहुतेक स्क्रीनना चालणारी रंगपद्धत) जेपेगमध्ये काढा, आणि रॉ फाइल दोन वेगळ्या डिस्कवर उतरेपर्यंत कार्ड तसंच राहू द्या.