कोणती कॉन्फरन्स भारी? आकड्यांनी कसं ठरवायचं

अमेरिकी कॉलेज फुटबॉलमध्ये संघ कॉन्फरन्स नावाच्या गटांत विभागलेले असतात. त्यातल्या दोन बड्या कॉन्फरन्सपैकी एसईसी मोठी की बिग टेन, हा वाद दर हंगामात पेटतो. तो आकड्यांवर आणायचा तर कॉन्फरन्समधले आपसातले सामने आधी बाजूला काढा. तिथे एकाचा विजय म्हणजे दुसऱ्याचा पराभव. बेरीज कायम निम्म्यावर येते, ताकद कळत नाही.

उरलेल्या सामन्यांतून एफसीएस, म्हणजे खालच्या स्तरावरच्या, संघांविरुद्धचे विजयही वगळा. त्यांनी नोंद नुसती फुगते. मग प्रत्येक सामन्यातला गुणफरक लिहा, घरच्या मैदानाच्या फायद्यापोटी यजमान संघाच्या फरकातून साधारण ३ गुण वजा करा, आणि २१च्या पुढचा फरक २१च धरा. नाहीतर एकच ६३-० सगळं गणित बिघडवतो.

सरासरीपेक्षा मध्यक घ्या. दोन बलाढ्य संघ सरासरी वर ओढतात, तळाचे झाकले जातात. बिग टेनमध्ये २०२४पासून १८ संघ आहेत, एसईसीत १६. त्यामुळे एकूण विजय मोजणं तर निरर्थकच.

हंगामाअखेरच्या बोल सामन्यांवर फार विसंबू नका. एनएफएल या व्यावसायिक लीगच्या तयारीसाठी किंवा दुसऱ्या कॉलेजात जाण्यासाठी खेळाडू माघार घेतात, मैदानात वेगळाच संघ दिसतो.

कॉलेज बास्केटबॉलला मात्र कॉलेज खेळांची संघटना एनसीएए हिची ‘नेट’ ही संघांची क्रमवारी तयार मिळते. तिच्यात ‘क्वाड १’ विजय पाहा: घरच्या मैदानावर पहिल्या ३०, तटस्थ ठिकाणी ५० आणि परक्या मैदानावर ७५ संघांपैकी कुणाला हरवलं तर तो धरतात. इथेही कॉन्फरन्सबाहेरचेच मोजा.